सेमिस्टर परदेशात, हिशेब घरी

१९५८ साली सोफिया कोराडी ही तरुणी न्यूयॉर्कहून रोमला परतली, तेव्हा तिच्या हातात कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदव्युत्तर पदवी होती. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ती वर्षभर तिकडे शिकून आली होती. रोमच्या ला सापिएंझा विद्यापीठातली तिची मूळ पदवी अजून पूर्ण व्हायची होती. कोलंबियात दिलेल्या परीक्षा इथे धरून घ्याव्यात, एवढीच तिची मागणी. विद्यापीठाच्या कार्यालयाने ती धुडकावून लावली. चारचौघांत पाणउतारा झाला आणि वर्ष वाया गेले, हे कोराडींनी पुढे अनेकदा सांगितले.

पुढची कित्येक वर्षे त्यांनी एकच गोष्ट लावून धरली. विद्यार्थी परदेशात जे शिकून येतो, ते त्याच्या घरच्या विद्यापीठाने मोजले पाहिजे. इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार म्हणून त्यांनी निवेदने लिहिली, अधिकाऱ्यांच्या मागे लागल्या, युरोपभरच्या विद्यापीठांत जाऊन बोलल्या. १९८७ मध्ये युरोपात ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी एकमेकांच्या विद्यापीठांत गेले. आज या योजनेत ३३ देश आहेत. तिचा लाभ घेतलेल्यांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आहे आणि २०२१ ते २०२७ या सात वर्षांची तरतूद २६ अब्ज युरोंहून जास्त आहे. इटलीत कोराडींना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणतात.

तरुण कोराडीकडे शिष्यवृत्ती होती, नवे शहर होते, नामांकित विद्यापीठ होते. अडले ते घरच्या कार्यालयातल्या टेबलावर. महाराष्ट्रात आज परदेशी शिक्षणाची जाहिरात चौकाचौकात दिसते, मेळावे भरतात, सल्लागारांची दुकाने जोरात चालतात. पण आपल्याच कॉलेजात नाव कायम ठेवून एक सेमिस्टर दुसऱ्या देशात काढायचे आणि परत येऊन पुढच्या वर्गात बसायचे, ही साधी सोय सरकारी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातल्या बहुतेक मुलामुलींच्या स्वप्नातही नाही. आणि त्यामागचे कारण फक्त पैसा हे नाही.

विद्यार्थ्यांच्या अशा देवाणघेवाणीची, म्हणजे एक्स्चेंजची, रचना तशी सोपी आहे. दोन विद्यापीठे करार करतात. विद्यार्थी फी आपल्या घरच्या विद्यापीठातच भरतो, यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणीची फी घेत नाही. तिकडून तेवढेच विद्यार्थी इकडे येतात, त्यांनाही तोच नियम. निघण्यापूर्वी विद्यार्थी, घरचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचा एक कागद होतो. कोणते विषय घेणार, त्यांचे किती क्रेडिट, आणि परतल्यावर ते कोणत्या विषयांच्या जागी धरायचे, हे सगळे त्यात आधीच लिहिलेले असते. कोराडींची लढाई या एका कागदासाठी होती.

हा कागद चालतो तो युरोपने १९८९ पासून रुळवलेल्या क्रेडिटच्या पद्धतीमुळे. वर्षाला ६० क्रेडिट, सेमिस्टरला ३०, एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याची २५ ते ३० तासांची मेहनत. त्यात वर्गातले तास आले, वाचन आले, टिपणे आणि परीक्षेची तयारीही आली. वरवर रुक्ष वाटणाऱ्या या हिशेबाची गरज किती आहे, हे गुणपत्रिका पाहिल्यावर कळते. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, आणि कुणाला १६ मिळाले तर घरच्यांनी पेढे वाटावेत. इटलीत ३० पैकी १८ हवेत. तिथे बऱ्याच परीक्षा तोंडी होतात आणि मिळालेले गुण पसंत नसतील तर विद्यार्थी ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो. डेन्मार्कची पट्टी तर उणे ३ पासून १२ पर्यंत जाते. आपल्याकडे ९.२ सीजीपीए असलेली मुलगी फ्रान्सहून १४ गुण घेऊन आली, तर तिचे कौतुक करायचे की सांत्वन, हे तिच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला कसे कळावे?

वर्गातला अनुभव याहून वेगळा असतो. जर्मन विद्यापीठात वेळापत्रकात दहाचे लेक्चर असेल, तर ते बहुधा सव्वादहाला सुरू होते. ही पंधरा मिनिटांची सवलत जुनी परंपरा आहे. लेक्चर संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पुष्कळ लेक्चरना हजेरी नसते. सबमिशन, युनिट टेस्ट, इंटर्नलचे गुण, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही या सगळ्यांच्या आधाराने वर्ष पार करणाऱ्याला सुरुवातीचे दोन महिने सुटी लागल्यासारखेच वाटतात. मग कळते, की अख्ख्या विषयाचे गुण शेवटच्या एका परीक्षेवर किंवा पंधरा-वीस पानांच्या एका निबंधावर आहेत, आणि त्या निबंधाचा विषयही आपणच शोधायचा आहे. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. ‘सर’ म्हटल्याशिवाय ज्याचे वाक्य सुरूच होत नाही, त्याची जीभ तिथे पहिले काही आठवडे अडखळते.

वर्गाबाहेरचा अभ्यासक्रम कोणत्याही कागदावर नसतो. शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवणे, आरोग्य विमा, बँक खाते, घरमालकाचे पत्र, रविवारी दुकाने बंद असल्याने शनिवारीच भरून ठेवायचा भाजीपाला, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून परत मिळवायचे २५ सेंट. वसतिगृहाच्या एकाच स्वयंपाकघरात चार देशांचे फोडणीचे वास आणि कुणी भांडी घासली नाहीत यावरून होणारी आंतरराष्ट्रीय भांडणे. यात विशीच्या मुलामुलींची जी तयारी होते, ती कोणत्याही ‘सॉफ्ट स्किल्स’च्या तासाला होत नाही.

पण या मुक्कामाबद्दल भाबडेपणा नको. युरोपातही एक्स्चेंजचे विद्यार्थी पुष्कळदा आपसातच राहतात. इरॅस्मसवाल्यांच्या पार्ट्या, इरॅस्मसवाल्यांच्या सहली, आणि स्थानिक मित्र एकही नाही, ही तक्रार जुनी आहे. सेड्रिक क्लापिश यांच्या ‘लोबेर्ज एस्पान्योल’ या २००२ च्या फ्रेंच चित्रपटात पॅरिसचा एक विद्यार्थी बार्सिलोनात जातो आणि अनेक देशांच्या मुलामुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. स्पॅनिश शिकायला आलेल्यांना वर्गात कॅटलान भाषेतले लेक्चर ऐकावे लागते, हा त्यातला प्रसंग बार्सिलोनाला गेलेल्या अनेकांना ओळखीचा आहे. ज्या शहरात आपण उतरलो त्याची स्वतःची भाषा आहे, स्वतःचे राजकारण आहे, आणि ते आपल्या सोयीसाठी थांबणार नाही, हे तिथे समजते. भारतीय विद्यार्थी आपल्याच लोकांच्या घोळक्यात राहिले, रोज संध्याकाळी कुकर लावून वरणभात खाल्ला आणि शनिवार-रविवार स्वस्त विमानांनी शहरे मोजत फिरले, तर सहा महिन्यांत फोटो भरपूर जमतात आणि यजमान देशातला एकही माणूस नीट ओळखीचा होत नाही.

मग या सगळ्यातून मिळते काय? युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही आकडे आहेत. परदेशात शिकून आलेल्यांमध्ये पदवीनंतर पाच वर्षांनी बेरोजगारीचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळले. इरॅस्मसवर गेलेल्यांपैकी २७ टक्के जणांना दीर्घकाळचा जोडीदार त्याच मुक्कामात भेटला. या जोडप्यांना १९८७ पासून सुमारे दहा लाख बाळे झाली असावीत, असा अंदाज आयोगाने त्यावरून बांधला आणि वर्तमानपत्रांनी साहजिकच तोच मथळ्यात घेतला. याच अभ्यासात दिसलेली दुसरी गोष्ट मात्र कमी गाजली. जे विद्यार्थी गेले, ते जाण्यापूर्वीच न जाणाऱ्यांपेक्षा जास्त धीट आणि नव्याला सामोरे जायला तयार होते. म्हणजे परदेशाने त्यांना घडवले की घडलेलेच परदेशात गेले, हा प्रश्न उरतोच. उत्तर काहीही असो, ज्यांना धीट होण्याची संधीच मिळालेली नाही त्यांना मागे ठेवायचे नसेल, तर निवड आणि पैसा या दोन्हींची व्यवस्था मुद्दाम करावी लागते. युरोपने २०२१ ते २०२७ च्या टप्प्यात आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या मागे असलेल्या विद्यार्थ्यांना दरमहा २५० युरो जादा द्यायला सुरुवात केली, ती यासाठीच.

एक्स्चेंजमध्ये पाठवण्याइतकेच घेण्यालाही महत्त्व आहे, याचा धडा ब्रिटनकडून घ्यावा. युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने इरॅस्मसही सोडले. महाग पडते, हे सरकारचे कारण होते. ब्रिटनमधून जाणाऱ्यांपेक्षा ब्रिटनमध्ये येणारे जास्त, त्यामुळे खर्चाचे पारडे जड होते, असा तो हिशेब. २०२१ मध्ये अॅलन ट्युरिंगच्या नावाने त्यांनी स्वतःची योजना आणली. तिच्यात ब्रिटनच्या विद्यार्थ्यांना बाहेर जायला पैसे होते, बाहेरच्यांना ब्रिटनमध्ये यायला नव्हते. वेल्सने ही उणीव ओळखून येणाऱ्यांनाही पैसे देणारी ‘टाइथ’ ही वेगळी योजना काढली. आता २०२७ पासून इरॅस्मसमध्ये परत येण्याचे ब्रिटनने जाहीर केले आहे. वर्गात परदेशी मुले नसली, तर जे घरीच राहतात त्यांचेही नुकसान होते. बाहेर जाऊ न शकणाऱ्या शंभर जणांना जग भेटते ते आलेल्या दोघा-तिघांमुळे.

महाराष्ट्राला हे परके नाही. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या छोट्या कॉलेजांच्या एका संघाने पुण्यात भारत-अभ्यासाचा कार्यक्रम सुरू केला. पदवीचे विद्यार्थी काही महिन्यांसाठी यायचे, पुण्यातल्या कुटुंबांत राहायचे, मराठी शिकायचे आणि प्रत्येकजण स्वतःचा एक छोटा अभ्यास करायचा. ओसरीवर बसून आजीबाईंकडून व्रतांची माहिती घेणारी, मंडईत मोडक्यातोडक्या मराठीत भाव करणारी ही मुले सदाशिव-नारायण पेठांतल्या अनेक घरांना आठवत असतील. या कॉलेजांपैकी कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट इतिहास शिकवत. आंबेडकरी चळवळीवरचे त्यांचे काम आज जगभर पायाभूत मानले जाते. त्याच कार्लटनच्या पदवीधर गेल ऑम्व्हेट १९६३ मध्ये पहिल्यांदा भारतात आल्या. पुढे सत्यशोधक चळवळीवर त्यांनी बर्कलीत प्रबंध लिहिला, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सून झाल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. मॅक्सीन बर्नसन फलटणला आल्या, फलटणच्या बोलीचा शास्त्रीय अभ्यास केला, अमराठी लोकांना मराठी शिकवणारी पुस्तके लिहिली आणि गावात शाळा उभी केली. या तिघींनी महाराष्ट्राला महाराष्ट्राबद्दलच बरेच काही सांगितले. पुढे अभ्यासक, कार्यकर्ती किंवा शिक्षिका होणारे माणूस तरुणपणी काही काळ इथे राहून जाते, तेव्हा काय होऊ शकते, याची ही उदाहरणे.

सिम्बायोसिसचा जन्मही परदेशी विद्यार्थ्याच्या एकटेपणातून झाला. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देत असताना पाहिली. चौकशी केली तेव्हा कळले, की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी आहे आणि त्याला जेवण देणारे दुसरे कुणी नाही. १९७१ मध्ये त्यांनी परदेशी आणि भारतीय विद्यार्थ्यांना एकत्र आणणारे सांस्कृतिक केंद्र सुरू केले. विद्यापीठ त्याच्या खूप नंतरचे.

एवढी पूर्वपुण्याई असताना आजचे चित्र एकतर्फी का? २०२३-२४ मध्ये एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये साऱ्या भारतात मिळून परदेशी विद्यार्थी होते ४६,८७८, आणि त्यांत मोठा वाटा नेपाळसारख्या शेजाऱ्यांचा. २०१८ मध्ये ‘स्टडी इन इंडिया’ योजना काढताना २०२३ पर्यंत दोन लाखांचे लक्ष्य सांगितले गेले होते. जाणारे बहुतेक पूर्ण पदवीसाठी जातात, कर्ज काढून जातात आणि कर्ज फेडण्यासाठी तिकडेच नोकरी शोधतात. सेमिस्टरपुरते जाऊन परत येणारे आहेत, पण ते मुख्यतः आयआयटी, आयआयएम, काही राष्ट्रीय विधी विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठांतले. अहिल्यानगर, लातूर किंवा रत्नागिरीच्या कॉलेजात बीए-बीएस्सी करणाऱ्याला कुणाकडे अर्ज करायचा, हेही माहीत नसते.

नियम आडवे येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२२ च्या नियमांनुसार ‘ट्विनिंग’ पद्धतीत पदवीचे ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेतून मिळवता येतात. ‘नॅक’चे ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान, यांसारख्या अटी पुऱ्या करणाऱ्या संस्थेला आयोगाची वेगळी परवानगी लागत नाही. क्रेडिट साठवायची बँक २०२१ पासून आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १,२०० तास आणि ४० क्रेडिट धरले आहेत. युरोपचे वर्षाला ६०. म्हणजे तिकडचे ३० ते इकडचे २०, हा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. इरॅस्मसचे पैसे २०१५ पासून भारतातल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठीही मिळू शकतात.

अडते ते वेळापत्रकाशी आणि विश्वासाशी. जर्मनीचे हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरपासून, वर्ग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. आपले पहिले सत्र जुलै ते नोव्हेंबर आणि दुसरे साधारण जानेवारी ते मे. तिकडचे एक सत्र करायला गेलेला विद्यार्थी इकडची दोन सत्रे गमावतो. परत आल्यावर ‘आमच्या अभ्यासक्रमात हा विषय नाही’ असे ऐकावे लागेल, सगळे पेपर पुन्हा द्यावे लागतील, वर्षाच्या नावापुढे एटीकेटी लागेल, ही भीती वेगळीच. दहा वर्षांपूर्वी छापलेल्या प्रकरणांच्या यादीशी तिकडचा अभ्यासक्रम शब्दशः जुळलाच पाहिजे, असा आग्रह धरला तर एकही परदेशी विषय कधीच मान्य होणार नाही. आणि जुळलाच, तर मग तिकडे जायचे कशाला?

पैशाचा प्रश्न खरा आहे. जर्मन व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरोंची सोय दाखवावी लागते, म्हणजे लाखाच्या घरात रुपये. मध्यमवर्गीय घरालाही ते जड जाते. पण तिकडे शिकवणीची फी नसल्याने सहा महिन्यांचा हा खर्च परदेशातल्या दोन वर्षांच्या पदवीच्या तुलनेत फारच थोडा आहे. राज्य सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाने परदेशातल्या पदव्युत्तर पदवीसाठी आणि पीएचडीसाठी शिष्यवृत्ती देते. ती चालूच राहावी. तिच्या जोडीला पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एका सेमिस्टरची शिष्यवृत्ती काढली, तर एका पूर्ण पदवीच्या रकमेत कित्येक जणांना जग पाहून परत येता येईल, आणि परत येण्याची अट घालण्याचीही गरज पडणार नाही, कारण त्यांची पदवी इथेच पुरी व्हायची असेल.

येणाऱ्यांसाठी काय करायचे, याची यादी लहान आहे. वसतिगृहात काही खोल्या राखून ठेवाव्यात. पोलिसांकडची नोंदणी आणि व्हिसाचे कागद पाहणारा एक माणूस विद्यापीठात असावा. प्रत्येक सत्रात इंग्रजीतून शिकवलेले चार-पाच विषय आणि त्यांच्या जोडीला मराठीचा प्रारंभिक वर्ग असावा. पुण्याला संगीत, पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र शिकवता येते. कोल्हापूरला साखर आणि सहकार, मुंबईला चित्रपट आणि बंदर, दापोलीला कोकणची फळबाग. बर्लिन किंवा बोलोन्याच्या विद्यार्थ्याला हे त्याच्या विद्यापीठात मिळत नाही.

राज्यातल्या एखाद्या विद्यापीठाने पुढच्या शैक्षणिक वर्षात एकाच विभागापुरते हे करून पाहावे. दहा विद्यार्थी पाठवावेत, दहा घ्यावेत. जाणाऱ्यांच्या विषयांची अदलाबदल विभागप्रमुख आणि परीक्षा नियंत्रक यांनी सहीनिशी आधीच मान्य करावी, आणि वेळापत्रकाच्या फरकामुळे बुडणाऱ्या आठवड्यांसाठी एकच उन्हाळी सत्र ठेवावे. परत आलेल्या दहाही जणांच्या गुणपत्रिकेवर तिकडचे विषय त्यांच्या खऱ्या नावांनिशी आणि वीस क्रेडिटसह छापले गेले, तर पुढच्या वर्षी दुसरा विभाग घ्यावा. छापले गेले नाहीत, तर अडवणारी सही कोणाची होती, हे विद्यापीठाने अधिसभेत सांगावे.